पाचव्या मिनिटाची घंटा

आधीच सांगून ठेवते. आमच्या घरात कुणाची पत्रिका नाही, पत्रकं मात्र ट्रंकभर आहेत. बाबा आयुष्यभर चौकात उभे राहून ती वाटत आले... भोंदू महाराजांविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, पाणीकपातीविरुद्ध. मी बाराखडी गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठींवर. माझं नाव क्रांती आहे, एवढ्यावरून बाकीचं समजून घ्या. या सदरातले अतर्क्य अनुभव मी वाचते ते त्यातली खोट शोधायला, आणि खाली प्रतिक्रियांमध्ये भांडलेही आहे. ज्यांच्याशी भांडले त्यांनी आता मनसोक्त हसून घ्यावं, माझी हरकत नाही.

कारण जे झालं ते साठ-सत्तर माणसांसमोर झालं. भर दुपारी बाराच्या सुमाराला, चालू पंख्यांखाली. ते लपवून ठेवणं हा अप्रामाणिकपणा झाला असता.

मी राहते कोथरूडला, नोकरी हडपसरला, आणि ज्या कॉलेजात शिकले ते शहराच्या मध्यात. नाव देत नाही. तिथल्या माजी विद्यार्थी संघाच्या समितीत तिशीच्या आतली मी एकटीच, बाकी सगळे साठीच्या पुढचे. मला का घेतलं? "तुला मराठी टायपिंग येतं म्हणून," असं फाटक सरांनी तोंडावर सांगितलं होतं. फाटक सर म्हणजे संघाचे सचिव, निवृत्त प्राध्यापक.

यंदा संघाने ठरवलं की गेल्या काही वर्षांत हे जग सोडून गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची आठवण काढायची. रविवारी सकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये कार्यक्रम, नंतर एक स्मरणिका. पाच नावं निघाली — एक सर्जन, एक न्यायाधीश, एक कारखानदार, एक सनदी अधिकारी, एक नाट्यनिर्माता. प्रत्येकावर त्याच्या एका मित्राने पाच मिनिटं बोलायचं. माहिती जमवायचं काम माझं.

हे पाचही जण कॉलेजच्या वादसभेत गाजलेले, म्हणून मी वादसभेच्या जुन्या वह्या काढल्या. वादविवादाच्या प्रत्येक कार्यक्रमाचा वृत्तान्त त्यात हाताने लिहिलेला आहे. वक्ते बदलत होते, विषय बदलत होते, पण सलग तीन वर्षं प्रत्येक पानाच्या तळाशी एकच नाव होतं. वेळाधिकारी : नलिनी.

वेळाधिकारी म्हणजे मंचाच्या डाव्या कोपऱ्यात छोट्या टेबलाशी पितळी घंटा घेऊन बसणारी व्यक्ती. चौथ्या मिनिटाला एक टिंग, म्हणजे आवरा. पाचव्या मिनिटाला दोन, म्हणजे वाक्य अर्धं असलं तरी खाली बसा. वहीतल्या नोंदींवरून नलिनीताईंना खरं तर बोलायचं होतं. पण तेव्हा वादसभेच्या मंडळात मुली दोन-तीनच, आणि मंडळाने त्यांच्यापुढे माइकऐवजी घंटा ठेवली. (माझं डोकं इथेच तापलं होतं.)

आणि त्यांनी त्या घंटेचं काय केलं? एका वर्षी प्रमुख पाहुणे म्हणून मंत्री आले. पाचवं मिनिट झालं, टिंग-टिंग. मंत्री बसले! प्राचार्यांनी माफी मागायला सांगितलं, तर त्यांनी विचारलं की पाहुण्यांना सूट आहे असं नियमात कुठे लिहिलंय ते दाखवा. माफी मागितली नाही, अशीही नोंद आहे. ते पान वाचल्यावर मी त्या धुळकट खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या.

पुढे नलिनीताईंनी हडपसरला महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. मी समितीच्या बैठकीत सहावं नाव मांडलं.

"कोण? घंटावाली नलू?" फाटक सर चष्म्यावरून बघत म्हणाले. "अगं, चांगली होती. पण शाळेत शिक्षिका... अशा शेकड्यांनी आहेत. असा पायंडा कसा पाडायचा?"

"पायंडाच पाडायचाय, सर."

"आणि तिचं कर्तृत्व या रकान्यात काय लिहिणार?"

"मंत्र्याला खाली बसवलं, असं लिहीन. तुमच्या पाचांपैकी कुणी बसवला होता?"

संघाचे अध्यक्ष चौधरी साहेब हसले. ते निवृत्त मुख्य अभियंते. म्हणाले, "द्या हो तिला दोन मिनिटं. नाहीतर ही आपल्याविरुद्ध पत्रक काढेल."

काढलंच असतं.

नलिनीताईंचे पती, गोळेकाका, धायरीला एकटेच राहतात. मी फोन करून सांगितलं.

"त्या हॉलमध्ये? स्टेजवरून?"

"हो काका. मीच बोलणार आहे."

"तिचं नाव तिथून कधी कुणी घेतलं नाही गं. वक्त्यांची नावं पुकारतात, घंटेचं कोण पुकारतं? तिलाही त्याचं वाईट वाटायचं, दाखवायची नाही कधी." मग म्हणाले, "येतो मी. माझ्यासाठी कडेची खुर्ची ठेव."

आता रविवार. कार्यक्रम दहा वाजता सुरू, आणि साडेबाराला हॉल सोडायचा, कारण पुढे तिथे कसलीशी परीक्षा होती. परीक्षार्थी बारापासूनच बाहेर उभे. मंचावरून पाच मिनिटांचं प्रास्ताविक करायला चौधरी साहेब उठले आणि पाऊण तास बोलले. पहिल्या वक्त्याने न्यायमूर्तींवर अर्धा तास घेतला. दुसऱ्याने कारखानदारांवर पस्तीस मिनिटं, त्यातली पंचवीस स्वतःच्या प्लॉटच्या वादावर. अजून तीन वक्ते बाकी, शेवटी मी. गोळेकाका बाराला आले, बस वेळेवर मिळाली नाही म्हणून. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. कडेच्या खुर्चीत ताठ बसले.

बारा वाजून पाच मिनिटांनी फाटक सरांनी माझ्या हातात चिठ्ठी सरकवली. 'वेळ नाही. नलूचा उल्लेख मी आभारात करतो.'

आभारात! मंडपवाले आणि चहावाले यांच्या रांगेत! मी काकांकडे बघितलं. ते मंचाच्या डाव्या कोपऱ्याकडे एकटक बघत होते, जिथे आता एक मोडका स्पीकर ठेवलाय. त्यांना काय तोंड दाखवायचं?

तोवर तिसरे वक्ते, जोगळेकर नावाचे बँकेतले निवृत्त अधिकारी, सर्जनवर बोलायला लागले होते. म्हणजे सर्जनचं नाव घेऊन स्वतःवर.

"...तेव्हा डॉक्टर मला म्हणाला, जोग्या, तू नसतास तर —"

टिंग.

स्वच्छ, पितळी, एकच. मला वाटलं कुणाचा तरी मोबाइल. पण हॉलमधली सगळी पांढरी डोकी एकाच वेळी डावीकडे वळली. जोगळेकरही अडखळले, पाणी प्यायले, पुन्हा सुरू झाले. पुढचं मिनिट कुणी हललं नाही.

टिंग-टिंग.

"आणि मी त्या वेळी डॉक्टरला —" एवढं बोलून जोगळेकर थांबले. माइक सोडला आणि निमूटपणे खाली येऊन बसले. सत्तरीतला माणूस, वाक्य अर्धं टाकून! बसल्यावर शेजाऱ्याला म्हणाले, "मी का बसलो?"

"दोन झाल्या ना," शेजारी म्हणाला.

मागून एका आजींचा आवाज आला, "अगंबाई, नलू!" आणि हॉल हसायला लागला. घाबरून नाही हो... पोरं वर्गात हसतात तसा, दाबून दाबून. चौथे वक्ते मंचावर गेले ते डावीकडे बघत बघतच. चौथ्या मिनिटाला एक, पाचव्याला दोन, बसले. पाचव्या वक्त्याने नाट्यनिर्मात्यावर इतकं सुंदर आणि नेमकं सांगितलं की एकच घंटा झाली, दुसरीच्या आत संपलंसुद्धा. खाली येताना त्यांनी कॉलर ताठ केली. तेवढ्यात चौधरी साहेब उठले. "मित्रहो, अध्यक्ष या नात्याने आणखी दोनच शब्द —"

टिंग-टिंग.

लगेच. साहेब होते तसे बसले. आजी खो-खो हसत होत्या, डोळे पुसत होत्या. फाटक सरांनी माझ्याकडे न बघताच हात केला... जा.

बारा बावीस. माझ्या हातात चार पानं. आणि आता माझी चूक सांगते. मी सुरुवात व्यवस्थेपासून केली. सन्मान कुणाच्या वाट्याला येतात, पदांची उतरंड, संस्थांचा दांभिकपणा, इतिहास कोण लिहितो... आवाज चढला होता, मुद्दे खणखणीत होते, आणि मी दुसऱ्या पानाच्या मध्यावर पोहोचले होते.

टिंग.

दीड मिनिट. एकदम लख्ख कळलं की मी अजून त्यांचं नावच घेतलेलं नाही. काका पुढे झुकून बसले होते. धायरीहून दोन बस बदलून ते नाव ऐकायला आले होते, आणि मी त्यांना पत्रक वाचून दाखवत होते.

मी कागद खाली ठेवले.

"नलिनी गोळे," मी म्हणाले. "त्या तिथे, त्या कोपऱ्यात बसायच्या. मंत्र्यांना आणि मित्रांना एकच घड्याळ लावायच्या. माफी मागायला सांगितलं तर नियम दाखवा म्हणाल्या. हडपसरच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला. त्यांना या मंचावरून बोलायचं होतं, आपण त्यांना बोलू दिलं नाही, आणि तरी आज —"

टिंग-टिंग.

मी तोंड उघडलं. एकच वाक्य राहिलं होतं, तेही सगळ्यांत चांगलं!

"अगं बस!" कडेच्या खुर्चीतून काका ओरडले. "दोन झाल्या!"

मी बसले. हॉलभर हशा आणि टाळ्या. फाटक सरांनी काकांना बोलायची विनंती केली, तर काका म्हणाले, "छे. तिच्या घंटेनंतर बोलायची मला चाळीस वर्षांत कधी हिंमत झाली नाही." बारा सत्तावीसला हॉल रिकामा झाला. आमच्या संघाचा कार्यक्रम वेळेआधी संपल्याची ही पहिलीच वेळ.

आता माझ्यातली बाबांची मुलगी जागी झाली. पहिला संशय काकांवर, उघड आहे. जिन्यातच गाठलं. "काका, राग मानू नका, पण पिशवी दाखवता?"

त्यांनी आनंदाने दाखवली. पाण्याची बाटली, चष्म्याचं घर, बसचा पास, दोन केळी. शेजारच्या वर्गांना कुलूप होतं. स्पीकरची वायर मी स्वतः बघितली, जोडलेलीच नव्हती. परदेशातल्या सभासदांसाठी माझ्याच फोनवर सगळं रेकॉर्ड केलं होतं, ते घरी जाऊन चार वेळा ऐकलं. त्यात पंख्याची कुरकुर आहे, खोकला आहे, आजींचं "अगंबाई, नलू!" आहे. घंटा नाही. जोगळेकर नुसतेच थांबतात आणि खाली येतात. स्टॉपवॉच लावलं. पाच मिनिटं बरोबर. माझी दोन, आणि त्यात बरोबर दीडला मी मधेच थबकते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून थेट धायरी गाठली. ती घंटा काकांकडेच आहे, मंडळाने नलिनीताईंना निरोपाच्या वेळी दिलेली. फ्रिजवर, औषधांच्या डब्याशेजारी. मी वरचं बटण दाबलं. नुसतं ठक्क.

"स्प्रिंग कधीच गेली," काका चहा गाळत म्हणाले. "ती असतानाच. मी फोनवर लांबण लावली की ही वाजवायची. दाबून दाबून मोडली बिचारी."

"मग काल वाजलं काय?"

"मला काय विचारतेस? तुमच्या घरी एवढी पत्रकं आहेत म्हणालीस ना, त्यात बघ." कप माझ्यापुढे ठेवून ते बसले. "बरं, मला सांग, स्मरणिकेत तिला जागा मिळाली का?"

"मिळाली. फाटक सरांनी आपणहून दिली. तीनशे शब्द."

"तू किती लिहिलेस?"

"बाराशे."

 काकांनी नुसतं फ्रिजकडे बघितलं.

तो लेख मी काल दिला. उतरंड गेली, दांभिकपणा गेला, इतिहास कोण लिहितो तेही गेलं. उरल्या फक्त नलिनीताई. दोनशे अठ्ठ्याण्णव शब्द. फाटक सरांचा लगेच फोन आला, "तब्येत बरी आहे ना तुझी?"

बाबांना मी सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "सवय गं. त्या पिढीच्या अंगात ती घंटा मुरलेली. एकाला भास झाला, बाकीचे त्याच्यामागे गेले. रेकॉर्डिंगमध्ये नाही, म्हणजे वाजलीच नाही." अगदी तर्कशुद्ध आहे. मीही दुसऱ्या कुणाला हेच उत्तर दिलं असतं.

फक्त एक गोष्ट त्यात बसत नाही. त्या सगळ्यांना सवय होती, मान्य. मला नव्हती. त्या रविवारपर्यंत मी ती घंटा आयुष्यात कधी ऐकलेली नव्हती, मनगटावर घड्याळ नव्हतं, आणि बाबांची शपथ, मला थांबायचं मुळीच नव्हतं.

मग मला दीड मिनिटाला कुणी सावध केलं? बाबा विचार करतायत. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर खाली लिहा... यावेळी मी भांडणार नाही.