पाण्याला भिणारं रेडकू

त्या गेममध्ये सुरुवातीला तीन प्राण्यांतून एक निवडावा लागायचा, आणि मी निवडला तो तिघांत कमजोर निघाला.

तेव्हा मी सातवीत होते. आमचं गाव वाटूर फाट्यावरून आत. संभाजीनगरच्या मामेभावानं नवा फोन घेतला, तसा त्याचा काच तडकलेला जुना फोन माझ्याकडं आला. त्यात सिम नव्हतं, पण हा गेम होता. रानावनात फिरून चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचं आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी त्यांची झुंज लावायची. या गेमचे म्हणे बरेच भाग निघाले होते. माझ्याकडं होता तो समुद्राचा.

माझा प्राणी समुद्री होता. म्हशीच्या रेडकासारखं बोथट तोंड, कानांच्या जागी कल्ले, पायांच्या जागी वल्ह्यासारखे चार पर, मागं माशाची शेपूट. त्याचं इंग्रजी नाव इतकं अवघड होतं की मी त्याला सरळ रेडकूच म्हणायचे. त्याच्या चित्राखाली लिहिलेल्या ओळी मी डिक्शनरी घेऊन लावल्या. हा प्राणी समुद्रातला असला तरी लहानपणी खोल पाण्याला भितो, असा त्यांचा अर्थ निघाला.

तोच गेम खेळणारा माझा चुलतभाऊ पोट धरून हसला. "समुद्रातलं अन् पाण्याला भ्यायलंय! सोड त्याला. नव्यानं चालू कर अन् तो आग ओकणारा, आगवाला घे."

"न्हाई सोडणार," मी म्हटलं.

गेममधलं गाव समुद्राकाठी संपत होतं. पुढची सगळी बेटं पलीकडं, आणि पलीकडं जायचं तर रेडकू मोठं होऊन त्यानं आपल्याला पाठीवर न्यायला हवं. म्हणून मी त्याला किनाऱ्यावरच्या खेकड्यांशी झुंजवत राहिले. ते हरायचं. गेममधल्या दवाखान्यात नेऊन मी त्याला बरं करायचे आणि पुन्हा किनाऱ्यावर आणायचे. शाळेतून आलं की आधी म्हशीला चारा, मग लाईट असेल तर फोन चार्जिंगला, मग खेकडे. भावाचा आगवाला प्राणी कुठल्या कुठं गेला होता. मी आपली काठावरच.

दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी गोठ्यात बसले असताना रेडकू पडद्यावर थरथरलं, त्याच्याभोवती उजेड झाला, आणि ते चांगलं थोराड म्हशीएवढं झालं. पाठीवर बसायचं का, असं फोननं विचारलं. मी 'हो' दाबलं. ते सरळ पाण्यात शिरलं. काठ दिसेनासा झाला, चारी बाजूंनी निळं. मी कधी समुद्र पाहिला नव्हता, आणि गुडघ्याच्या वर पाण्यात कधी उतरले नव्हते. तरी गोठ्यातल्या आमच्या म्हशीच्या शेजारी बसून मला पाण्याच्या मधोमध गेल्यासारखं वाटलं. तिथंच मी ठरवलं की आपण पोहायला शिकायचं.

त्या वर्षी पाऊस बरा झाला होता. आमच्या शेतातली पायऱ्यांची विहीर चांगली भरलेली होती, आणि काका घरातल्या पोरांना तिथं पोहायला शिकवत होते. पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधायचा आणि पोराला पाण्यात ढकलायचं, ही त्यांची पद्धत. मी जाऊन वरच्या पायरीवर उभी राहिले.

"काका, मला पण शिकवा."

"तुला काय करायचं पोहून? तू आता मोठी झाली. घरी जा."

"ह्यातले काही तर माझ्यापेक्षा मोठे हायेत."

"ते पोरं हायेत," काका म्हणाले आणि पुढच्या पोराच्या पाठीचा कॅन आवळायला लागले.

आई भाकरी थापत होती. मी चुलीपाशी बसून तिला सगळं सांगितलं, रेडकासकट. ते गेमचं तिला किती कळलं कोण जाणे. हातातली भाकरी तव्यावर टाकून तिनं वरून पाणी फिरवलं आणि म्हणाली, "मी शिकवते."

"तुला येतं?"

"गंगेच्या काठची हाय मी."

आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. आईचं माहेर शहागडच्या बाजूला, नदीला लागून, हे मला माहीत होतं. आजोळी आम्ही जायचो तेव्हा नदीत पाणी असायचंही. पण आईला कधी पाण्यात उतरलेली मी पाहिली नव्हती. लग्नाच्या आधी ती नदी पोहून पलीकडच्या मळ्यात काकड्या खायला जायची, हे मला त्या दिवशी चुलीपाशी कळलं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, जेवायला बसले तेव्हा आईनं विषय काढला. अण्णांनी घास खाली ठेवला. मागच्याच उन्हाळ्यात शेजारच्या गावात शेततळ्यात पाय घसरून एक मुलगी बुडाली होती. तिचे वडील अण्णांच्या ओळखीचे होते.

"ऐकलं ना त्या पोरीचं? अन् तू हिला विहिरीत नेऊन राह्यली?"

"तिला पोहता येत नव्हतं म्हणून तर गेली ती," आई म्हणाली. "शेततळे आता गावोगाव हायेत. किती ठिकाणी हिला धरून ठेवाल?"

अण्णांनी ताटातलं संपवलं. हात धुताना म्हणाले, "कॅनचं झाकण बराबर लावा."

दुसऱ्या दिवशी पोरं जेवायला घरी गेल्यावर आम्ही दोघी विहिरीवर गेलो. आईनं सलवारीवर अण्णांचा जुना शर्ट घातला होता. पाण्याजवळच्या पायरीवर ती थांबली. पाण्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला. मला वाटलं, ती आता परत फिरणार. इतक्या वर्षांत तिनं पाणी ओढलं होतं, डोक्यावर वाहिलं होतं, पिकाला दिलं होतं. त्यात उतरली मात्र नव्हती. मग तिनं नाक न धरताच उडी टाकली.

ती वर आली ती थेट मधोमध. केस कपाळाला चिकटलेले, तोंडातून पाण्याची चूळ उडवली, आणि हात मारत तिनं विहिरीला फेरा घातला. मग दुसरा घातला. माझ्याकडं तिचं लक्षच नव्हतं. ती माझ्या एखाद्या मैत्रिणीसारखी दिसत होती. मी पायरीवर कॅन घट्ट धरून बघत राहिले आणि मला उगीचच रडू आलं.

"ये आता," ती म्हणाली.

मी उतरले आणि पायरीला जी चिकटले ती सुटेना. पायाखाली काही नाही हे कळल्याबरोबर सगळं अंग आखडून गेलं. आईनं माझ्या कमरेला ओढणी बांधली होती, तिचं टोक तिच्या हातात होतं. पाठीला कॅन होता. तरी मी किंचाळत होते.

"आई, रेडकू पण पहिले भ्यायचं," मी दात वाजवत म्हटलं.

"ते रेडकू-बिडकू राहू दे. पाय मार."

पहिला दिवस पाणी पिण्यातच गेला. दुसऱ्या दिवशी पायरी सुटली, पण मी आईच्याच गळ्यात पडले आणि दोघी खाली गेलो. तिनं मला वर काढून पायरीवर आदळलं आणि एक चापट दिली. "माणसाला धरायचं न्हाई. पाण्यालाच धरायचं, हातानं मागं लोटायचं." खोकून खोकून माझ्या नाकातोंडातून पाणी आलं. ती थांबली, मी पुन्हा उतरते का ते बघत. मी उतरले.

काकांना कळायचं ते कळलंच. एका दुपारी ते वर काठावर येऊन उभे राहिले. आई पाण्यात, मी पाण्यात. त्यांनी लगेच तोंड दुसरीकडं केलं.

"वहिनी, हे बरं दिसत न्हाई. लोक काय म्हणतील?"

"भाऊजी, विहीर आपली हाय," आई पाण्यातूनच म्हणाली. हात मारायचे तिनं थांबवले नाहीत. "इथं लोक कोण येतंय? तुम्ही आलात तेवढेच."

काका तसेच उभे राहिले. "वर कोणी पाह्यजे. काही झालं तर?"

"मंग काकूला धाडून द्या."

ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी खरंच काकू आली, शेंगा फोडत वर बसली. तिला पोहता येत नव्हतं, पण येताना तिनं दोर आणला होता.

पुढं एका दुपारी पाठीचा कॅन आईनं मला न विचारता सोडला. मी मधोमध होते. पाठ एकदम हलकी झाली, नाकात पाणी गेलं, वर काकूचा आवाज आला, "अगं, बुडली ती!" आई जवळच होती, पण तिनं हात पुढं केला नाही. मला तिचा भयंकर राग आला. त्या रागातच मी पाय मारले, पाणी मागं लोटलं, पुन्हा लोटलं, आणि समोरच्या भिंतीतला दगड माझ्या हाताला लागला. मी तो धरून धापा टाकत राहिले.

"आता परत ये," आई म्हणाली.

"थांब ना जरा."

"न्हाई. दम संपायच्या आधी ये."

मी परत आले.

रेडकू पुढं फार टिकलं नाही. उन्हाळ्यात फोन तापून बंद पडला तो कायमचा, आणि माझी सगळी बेटं त्याच्याबरोबर गेली. मी दोन वेळा जेवले नाही. मग चुलतभावानं त्याच्या फोनवर गेम मला नव्यानं लावून दिला. तीन प्राणी समोर आले. "आता तरी आगवाला घे," तो म्हणाला. मी पुन्हा रेडकूच घेतलं, पुन्हा किनाऱ्यावर गेले आणि पहिल्या खेकड्याशी हरले.

आता मी अंबडला नोकरी करते. सुट्टीला गावी गेले की आईबरोबर विहिरीवर जाते. आमच्या मागून काकूची मुलगी शिकली, मग तिच्या वर्गातल्या दोघी. मागच्या दिवाळीत आम्ही पोहून वर आलो तर शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी काठावर उभ्या होत्या. वय आईच्याच बरोबरीचं. बराच वेळ त्या पदराशी चाळा करत राहिल्या.

"मला जमंल का हो या वयात?" त्यांनी आईला विचारलं.

आई केस पिळत होती. तिनं मान वर करून त्यांच्याकडं नीट पाहिलं.

"उद्या दुपारी या," ती म्हणाली. "येताना जेवून येऊ नका."