खेळ पुन्हा पडला

सुट्टीचा दिवस होता, तरी ताईच्या पायाला भिंगरी लागली होती. 'ताई' हे खेळातल्या लोकांनी तिला दिलेलं नाव. विम्याच्या कचेरीत ती चार प्रोग्रामरांमधली एक. रिकाम्या वेळात मात्र ती एक जुना खेळ सांभाळायची. त्यात चित्रं नव्हती, पडद्यावर नुसती वाक्यं यायची: तुम्ही गुहेत आहात, डावीकडून पाण्याचा आवाज येतोय. लोक आपापल्या घरून 'चल', 'उचल', 'पळ' असं लिहायचे आणि त्याच गुहेत एकमेकांना भेटायचे.

आणि आताशा हा खेळ मधेच कोसळत होता. सगळे एकदम बाहेर. "परत पडलं," ती पुटपुटली.

"पडलं म्हणजे? कुठे पडलं?" गुडघा बांधून कॉटवर पडलेल्या बाबांनी विचारलं.

"कुठे नाही हो बाबा. बंद पडलं."

"मग परत सुरू कर."

तिने तेच केलं होतं. पडला की आपोआप उठेल अशी सोय करून ठेवली होती. पण मन खात होतं. ती उगाच ओट्यावरून फडकं फिरवून आली, खिडकी उघडली, परत लावली. तेवढ्यात फोन वाजला. खेकडा. खेळात त्याचं नाव तेच. एरवी तो मालिश करायचा. त्याला दिसत नसे, खेळातली वाक्यं फोन त्याला वाचून दाखवायचा.

"ताई, परत गेलं! उठतं लगेच, मान्य. पण मला सगळी गुहा पुन्हा पहिल्यापासून ऐकावी लागते. कान किटले गं."

"काय करत होतास?"

"आजोबांच्या सोबत चाललो होतो. त्यांचं नेट गेलं. मी 'चल' म्हटलं आणि संपलं. मागच्या वेळीही आजोबाच होते."

आजोबा म्हणजे खेळातलेच एक खेळाडू. ताई खुर्चीत बसली. खेळात 'सोबत' लिहिलं की तुम्ही दुसऱ्याच्या मागोमाग जाता. पुढचा माणूस नाहीसा झाला, तरी मागच्याकडे त्याची नोंद तशीच राहत असेल तर? खेळ त्याला शोधायला जाणार, तिथे कोणीच नसणार, आणि तोल जाणार.

"फोन ठेवू नकोस. माझ्या मागे ये."

ती खेळात शिरली. खेकडा सोबत आला. तिने आपल्या संगणकाच्या नेटची वायर उपटली; खेळ चालायचा तो दूरच्या दुसऱ्या यंत्रावर.

"आता 'चल' लिही."

"लिहिलं... गेलं!"

बाकीच्यांचे संतापलेले निरोप फोनवर धडाधड येऊ लागले. ताईला मात्र हसू फुटलं. जाणाऱ्याने आधी आपल्या मागून येणाऱ्या सगळ्यांना मोकळं करायचं, मगच जायचं, असं तिने वायर परत लावून कोडमध्ये लिहिलं. दोघांनी पुन्हा करून पाहिलं. खेळ उभा राहिला.

"झालं!" खेकडा ओरडला आणि खुशीत आपणच बाहेर पडला. ताईने एक पाऊल पुढे टाकलं.

खेळ पडला.

"आता काय झालं?" बाबा.

"काही नाही!" ती वसकन ओरडली, मग खजील झाली. त्यांना पाणी दिलं, उशी सारखी केली. डोकं मात्र गुहेतच होतं. मागचा माणूस गेला, तरी पुढच्याच्या यादीत तो उरतोच की! दोर एकाच टोकाला सोडला होता आपण. ती तशीच उभ्याने लिहू लागली.

या वेळी खेकड्याने आजोबांनाही बोलावलं. बातमी पसरली तसे बाकीचेही आले. जो तो दुसऱ्याच्या सोबत जाऊन मुद्दाम नेट तोडायला लागला. गुहेत माणसं गळत होती, उगवत होती. खेळ ढिम्म हलला नाही.

"पुरे आता! खेळा जरा!" ताईने लिहिलं.

"तूही ये ना," आजोबांनी लिहिलं.

"येते," म्हणाली खरी, पण तिची नजर पडद्यावर बाजूच्या चौकटीत सरकणाऱ्या खेळाच्या नोंदींवरच होती. अजून काही राहिलं असेल का?

"चालू आहे ना?" बाबांनी विचारलं.

"चालू आहे."

"मग उभी का?"

ती बसली. जरा वेळाने पुन्हा उठली.