तो पेपर माझा नाही, साहेब

ती बाटली अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. साधी प्लास्टिकची, लेबल खरवडून काढलेली. आत पिवळसर पाणी, तळाला गाळ. कोयते, सुरे, एकदा तर गावठी कट्टासुद्धा मी पंचनाम्यासाठी टेबलावर मांडलाय. पण त्या पाण्याची जी भीती वाटली, ती वेगळीच होती.

तेव्हा मी महाडला पोलीस निरीक्षक होतो. निवृत्ती जवळ आली होती. नाव कुणाचंच सांगणार नाही. या प्रकरणात नावांनीच घोळ घातला होता, त्यामुळे ते बरंच आहे.

तक्रार घेऊन आल्या त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम. सासर पोलादपूरकडच्या डोंगरातल्या वाडीत, नवरा मुंबईला नोकरीला. महाडच्या घरात त्या, म्हातारे सासरे आणि पहिलीतली मुलगी. पहिली बाटली दारात मिळाली, दुसरी स्कूटरवर, तिसरी थेट प्रयोगशाळेतल्या त्यांच्या टेबलावर. प्रत्येक बाटलीच्या गळ्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठीवर एकच शब्द: पी.

"कुणाशी वैर? जमिनीचा वाद? कुणाला नापास केलंत?" मी नेहमीचे प्रश्न विचारले.

"नाही साहेब."

"तुमच्या संशोधनाचा पाण्याशी काही संबंध?"

"नाही," त्या म्हणाल्या, पण जरा थांबून. आमच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. थापा मारणारा घाईत बोलतो, आणि काही झाकणारा उशिरा. मी स्टेशन डायरीत नोंद केली, घरावर साध्या वेशातला हवालदार लावला, पण तो उशीर डोक्यातून गेला नाही.

सासरे बाहेर बाकावर बसले होते. म्हणाले, "साहेब, आमच्या सुनंनं कुनाचा वाकडा केला नाय. पन आता दार उघडायचा म्हटला तरी भ्या वाटतंय."

चौथी बाटली मुलीच्या दप्तरात निघाली.

शाळेच्या मावशींना समोर बसवून विचारलं. बिचाऱ्या रडकुंडीला आल्या होत्या. "गोड बोलला हो. म्हणाला, मॅडमच्या वाडीतला आहे, आडनाव पण तेच सांगितलं. पोरगी बाटली विसरली म्हणाला. मला काय माहीत?"

त्यांना दोष कसा देणार? पोलादपूरच्या खोऱ्यात अख्ख्या वाडीचं आडनाव एक. दगड भिरकावला तर त्याच आडनावाच्या माणसाला लागतो. आडनाव सांगितलं की माणूस घरचाच धरायचा, ही इथली रीत. त्याच रीतीने तो पोरीच्या दप्तरापर्यंत पोचला.

मुलीने झाकण उघडलं, वास घेतला आणि बंद केलं. म्हणून वाचली असं आम्ही त्या दिवशी समजत होतो. मॅडम तडक ठाण्यात आल्या. महिला शिपायाने पाण्याचा ग्लास पुढे केला तर त्यांनी तो असा मागे ढकलला की अर्धा टेबलावर सांडला. नंतर सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल आला, पाण्यात कुणी विष मिसळलेलं नव्हतं. ते विहिरीचं पाणी होतं. पण आमची झोप त्याआधीच उडाली होती. उद्याच्या बाटलीत काय असेल ते कुठल्या अहवालात लिहून येतंय?

खबर दिली ती औद्योगिक वसाहतीत कामगार नेणाऱ्या बसच्या ड्रायव्हरने. "साहेब, एक जण पाळी सुटली की घरी जात नाय. कॉलेजच्या फाट्यावर उतरतो. सीटखाली पिशवी असते, आत बाटल्या वाजतात." दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला फाट्यावरच ताब्यात घेतला.

कंत्राटी कामगार, पन्नाशीचा, अंगाने काटकुळा. मला वाटलं होतं कुणीतरी गुंड निघेल. हा तर हात जोडूनच आत आला. मग मी चहा मागवला आणि त्याच्या गावची चौकशी केली, तसा बोलला.

"मारायचा नव्हता साहेब. पाजायचा होता. माज्या बायकोनं तेच पाणी प्यायलं. किडन्या गेल्या तिच्या. आमी गावच्या सभेत वरडलो, पाणी बघा म्हणून. तर तिथले साहेबलोक म्हणाले, पाणी चांगला हाय, प्रोफेसरनी तपासून संशोधनाच्या पेपरात लिवलाय. माज्या पुतन्यानं मुंबईतनं पेपरावरचा नाव मोबाइलवर शोधला. कॉलेजच्या साइटवर हिच्याच नावाखाली तो पेपर हाय. चांगला हाय ना पाणी? मग पी ना तू. तुज्या पोरीला पाज."

शेवटचं वाक्य त्याने इतक्या शांतपणे उच्चारलं की लिहून घेणारा हवालदार थांबून माझ्याकडे बघायला लागला.

आरोपी कोठडीत गेला म्हणून प्रकरण मिटलं नाही. संध्याकाळपर्यंत त्याच्या गावची माणसं ठाण्याच्या आवारात जमली. ओरडा नाही, घोषणा नाहीत. नुसती उभी राहिली होती. ओरडणारा जमाव पांगवता येतो हो, गप्प उभ्या जमावाचं काय करायचं? एकाला आत टाकला होता, बाकीच्यांच्या घरीही पाणी त्याच विहिरीचं होतं.

मी मॅडमना बोलावून जबाबाचा कागद समोर ठेवला. "पाण्याचा तो पेपर तुम्ही लिहिलात?"

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाल्या, "तो पेपर माझा नाही, साहेब."

"मग तुमच्या नावावर कसा?"

त्यांनी सांगितलं ते ऐकून मी डोक्याला हात लावला. कॉलेजच्या तपासणीला समिती येते. त्याआधी ऑफिसात कुणीतरी बसतो, इंटरनेटवर प्रत्येक प्राध्यापकाची आद्याक्षरं आणि आडनाव टाकतो आणि जे जे सापडेल ते त्याच्या नावाखाली चिकटवतो. यादी लांब झाली की सगळेच खूश. त्याच आद्याक्षरांचा, त्याच आडनावाचा एक संशोधक दुसऱ्या जिल्ह्यात आहे. त्याचे पेपर मॅडमच्या यादीत येऊन बसले. त्यांच्या ते लक्षातही आलं होतं.

"काढून का नाही टाकले?"

"बढतीच्या फाइलला तीच यादी जोडली होती. आता बोलले तर बढती जाईल, कदाचित नोकरीही. मला वाटलं, कोण बघतंय?"

खोटं सांगत नाही, मला संताप आला. पोरीच्या दप्तरात बाटली येईपर्यंत बाई गप्प! पण खुर्चीत आक्रसून बसलेल्या त्यांच्याकडे बघून बोलवेना. त्या दोन्हीकडून घाबरलेल्या होत्या.

"सिद्ध कसं करायचं की तो माणूस दुसरा आहे?"

त्यांनी मोबाइलवर मूळ पेपर उघडला. लेखकाच्या नावाखाली लांबलचक नंबर होता. संशोधकांना असा आपापला नंबर घेता येतो म्हणाल्या, फुकट मिळतो, आणि एका माणसाचा नंबर दुसऱ्याला कधी लागत नाही. त्यावर बोट ठेवलं तर त्या गृहस्थांची सगळी कुंडली निघाली: विषय, संस्था, जिल्हा. मॅडमनी स्वतः नंबर घेतलाच नव्हता. घेतला असता तर त्यावर फक्त त्यांचेच पेपर दिसले असते आणि यादी आखूड झाली असती.

आम्ही भुरट्या चोराचं नाव लिहितानासुद्धा बापाचं नाव, वय, राहणार, उर्फ, अंगावरची खूण, सगळं लिहितो. एकाचा गुन्हा दुसऱ्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून. आणि ही शिकलेली मंडळी दोन अक्षरं आणि एक आडनाव लिहून मोकळी!

गावच्या चार जाणत्यांना आत बोलावलं. त्यांच्यासमोर मॅडमनी सगळं सांगितलं, बढतीची गोष्टसुद्धा. एका म्हातारीने विचारलं, "मग इतके दिस गप का ऱ्हायलीस गो? आमी तुला काय काय शाप दिले." मॅडमनी तिच्यापुढे हात जोडले. चौघांनी बाहेर जाऊन सांगितलं, तसा जमाव पांगला.

कोठडीतल्या त्या माणसाला मी स्वतः जाऊन सांगितलं. तो ऐकत राहिला. मग गजांना धरून उठला. "मग तो कोन? कुठं ऱ्हातो?"

ज्या नंबराने एकीला सोडवलं, तोच याला दुसऱ्याच्या दारात नेऊन उभा करत होता. मी काही सांगितलं नाही, पण पुतण्याच्या हातात मोबाइल होताच. लगेच त्या जिल्ह्यातल्या ठाण्याला फोन करून कळवलं. त्या गृहस्थांशीही बोललो. ते हादरले. म्हणाले, "अहो, मी पावसाळ्यातलं पाणी तपासलं होतं. उन्हाळ्यातल्या पाण्याबद्दल मी काहीच म्हटलेलं नाही. तसं पेपरात लिहिलंय." लिहिलं होतं, शेवटच्या पानावर. सभेत ते कुणी वाचून दाखवलं नव्हतं. मी जाऊन कोठडीत वाचून दाखवलं. तो खाली बसला आणि मग पहिल्यांदा रडला.

पुढे गुन्ह्याचं जे व्हायचं ते कोर्टात झालं. मॅडमनी कॉलेजला लेखी कळवलं, बढती अडकली. नंबराची सक्ती करावी असं मी प्राचार्यांना सुचवलं, तर ते म्हणाले, "नंबर लावून घ्यायला आम्ही काय कैदी आहोत?" मी म्हटलं, "सर, कैद्याला नंबर असतो म्हणून तर एकाची शिक्षा दुसरा भोगत नाही." त्यांना ते आवडलं नसावं.

निवृत्त झाल्यावर एकदा मॅडम घरी आल्या, मुलीला घेऊन. हातात त्यांचा नवा पेपर होता. त्याच विहिरीचं उन्हाळ्यातलं पाणी, पिण्यालायक नाही. दोष कुणाचा, ते पेपरात नव्हतं आणि मीही सांगणार नाही. खाली त्यांचं पूर्ण नाव, आणि नंबर.

"साहेब, छापू का? या वेळी चुकून दुसऱ्या कुणाच्या नावावर जायचं नाही. जे येईल ते माझ्याच दारात येईल."

माझ्या जिभेवर "नको" आलं होतं. ज्याने त्याने आपल्या कामाखाली आपलीच खूण ठेवावी, हे या प्रकरणाने मला शिकवलं. पण ती खूण वाचायला फक्त भली माणसंच येत नाहीत, हेही त्यानेच शिकवलं. शेवटी म्हटलं, "छापा. आणि शाळेत सांगून ठेवा, आडनाव ऐकून कुणाच्या हातून काही घ्यायचं नाही."

तेवढ्यात बायकोने मुलीला पाणी आणून दिलं. मुलीने ग्लास नाकाशी धरून वास घेतला. मग आईकडे पाहिलं. आईने मान हलवली, तेव्हा ती प्यायली.