बिनखांबाचं छप्पर

शहाणपणाचा झटका आलेला कारकून पाहिलाय कधी? नसेल, तर चहा घ्या आणि माझ्याकडे बघा!

सत्तर सालानंतरची गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या एका बाजार समितीत मी कारकून होतो. कोणत्या, ते विचारू नका. तिथले लोक अजून हसतायत. गुळाच्या लिलावासाठी नवं पोलादी छप्पर घालायचं ठरलं. पुण्याचा इंजिनिअर म्हणाला, "निसर्गाकडून शिका! पानाच्या शिरांसारख्या नळ्या पसरू. मधे एकही खांब नको."

सभापती मला म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचं वाचन दांडगं. लोकांना पटवा, हेडक्लार्कची खुर्ची तुमची."

मग काय! भर सभेत अळूचं पान फडकावत मी सुटलो. "या शिरा बघा! मधे जाड, कडेला बारीक. सगळा भार वाटून घेतात. पानाला कुठं खांब असतो का?"

पुणतांब्याकडचे गणपतराव, म्हातारे शेतकरी, उठले. "पान देठावर उभं हाय की! त्यो खांबच न्हाई का?"

"अहो, हे शास्त्र आहे!"

"आसंल. पर खांब न्हाई, तर आमी अडत्या वळखायचा कसा? आन् पानाच्या वड्या करा सांच्याला, वाया घालवू नगा."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यांदा मी! छप्पर मंजूर.

उभं राहिलं, आणि काय देखणं हो! पहिल्या लिलावाला गुळाच्या गाड्या आत शिरल्या आणि मधोमध अडकल्या. का? अहो, माल विकून देणाऱ्या प्रत्येक अडत्याचा जुन्या छपराखाली खांब ठरलेला. शेतकऱ्याला अडत्याचं नावही ठाऊक नसे. दारालगतच्या खांबाला नाहीतर वाकड्या खांबाला गूळ उतरवायचा, की झालं! आता खांबच नाहीत. दोन अडते एकच ढेप दोन्हीकडून ओढू लागले.

"जमिनीवर नंबर टाकू," मी पुटपुटलो.

"आन् गाडीखाली जाऊन वाचनार कोन? तुमी?" गणपतराव.

सभापतींनी माझा दंड धरला. "बांबू आणायला माणसं धाडलीत. रोवेपर्यंत तुम्ही दाराशी उभे ऱ्हा. हलायचं न्हाई!"

"मी? साहेब, ते हेडक्लार्कचं…"

"आधी खांब तर व्हा!"

ती खुर्ची पुढं कोठीतल्या कारकुनाला मिळाली. तो माझ्या भाषणात झोपला होता, म्हणून छपराचं पाप त्याच्या माथी नव्हतं.

मी उभा राहिलो.

"दारालगतचा खांब कुठं हाय हो?"

"त्यो काय, चष्मेवाला!"

माझ्या पायाशी ढेपा रचल्या. एकानं माझ्या खांद्याला पिशवी अडकवली, दुसऱ्यानं पाठ टेकून बिडी पेटवली. सगळ्यांत शेवटी तिथल्या अडत्यानं पान जमवलं, तोंडात टाकलं आणि बोटाला उरलेला चुना माझ्या सदऱ्याला पुसला.

राग नव्हता हो त्याच्या मनात. खांबाला पुसायची सवय!