पार्किंग चांगलं आहे, आईला नेऊ नका

दोन वर्षांपूर्वी याच ब्लॉगवर मी खडवलीच्या पुढच्या एका आश्रमाबद्दल लिहिलं होतं. 'ज्येष्ठांसाठी उत्तम एकदिवसीय सहल'. मोफत पार्किंग, गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या, स्वच्छ संडास, प्रसादाला पिठलं-भाकरी आणि ठेचा. महाराज बोलतातही गोड, हेही वर लिहून ठेवलं. माझ्या दुसऱ्या कुठल्याच पोस्टला एवढे वाचक मिळाले नाहीत. ही पोस्ट तिचं प्रायश्चित्त समजा.

गेल्या शनिवारी पुन्हा तिथे गेलो, ते आईला आणायला. आई माझ्याकडे कळव्याला राहते आणि महिन्यातले चार दिवस आश्रमात साधनेला जाते. रविवारी माझ्या धाकट्या बहिणीकडे, वैशालीकडे, डोंबिवलीत वास्तुशांत होती. तिने तीन वर्षांपूर्वी नवरा सोडला आणि आता स्वतःच्या पगारावर वन-बीएचके घेतला. आई मात्र आठ महिने तिच्याशी एक शब्द बोललेली नव्हती. तिचा फोन आला की माझ्या हातात द्यायची. घटस्फोटाचा राग उशिरा बाहेर पडतोय, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. वैशाली म्हणाली, "दादा, तिला नुसती घेऊन ये. नाही बोलली तरी चालेल." मग थोडं थांबून म्हणाली, "बोलली तर बरं."

कळव्याहून सकाळी सातच्या आत निघा, नाहीतर माणकोलीला ट्रकांच्या मागे तासभर जातो. पडघ्याला हायवे सोडून उजवीकडे वळायचं. तिथेच वडापाव खाऊन घ्या, कारण आश्रमात बारापर्यंत चहाही मिळत नाही. आता खुर्च्या वाढल्यात, मोठा स्क्रीन आलाय, मोबाइल दारातच जमा करतात.

प्रसादाच्या पंगतीत मालतीकाकू भेटल्या. आईच्या साधनेतल्या मैत्रीण. म्हणाल्या, "तुझ्या आईएवढं धाडस आमच्यात नाही रे. आम्ही आपलं कारलं सोडलं."

"म्हणजे?"

"अनुग्रह घेताना रे. तुला सांगितलं नाही तिने?"

काशीला जाऊन आल्यावर एखादी भाजी किंवा फळ सोडायची आपल्याकडे रीत आहे. शहाणी माणसं नावडतीच भाजी सोडतात आणि देवही चालवून घेतो. महाराजांनी ही रीत उचलली आणि तिला धार लावली. ते प्रत्येकाला विचारतात, तुला सगळ्यात प्रिय काय? जे सांगाल ते सोडायचं. कुणी कारलं सांगितलं, कुणी दोडका. काकूंनी पुढे सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. माझ्या हातातली भाकरी खाली ठेवली गेली.

निघताना आईने दर्शनाला नेलं. महाराज हसून म्हणाले, "आईंची प्रगती फार आहे. बंधन सुटलं की दुःख सुटतं." मला त्यांची कॉलर धरायची होती. मी वाकून नमस्कार केला. आईसमोर तमाशा नको हे कारण आहेच, पण खरं सांगायचं तर मी घाबरलो.

परतताना टिटवाळ्याच्या रस्त्याने आलो. गाडीत विचारलं.

"खोटं कसं बोलणार रे? गुरूसमोर बसले होते," आई म्हणाली. "प्रिय काय विचारलं, तर वैशू म्हटलं. ते म्हणाले, मग तीच सोड."

"आणि मी?"

"तुझं नाव तोंडात आलंच नाही बघ."

कल्याणला मी गाडी पारनाक्याकडे वळवली. तिथे एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गुरुजी राहतात. निवृत्त शिक्षक. आई अकरा वर्षं त्यांच्याकडे पोथी वाचायला जायची. लिफ्ट नाही, पंखा नावाला. पाया पडायला गेलं तर म्हणायचे, "याला वेळ आहे, अर्थ वाचून यायला नाही?" वैशालीने घर सोडलं तेव्हा आई तिथे बसून रडली. गुरुजींनी पोथी मिटली आणि सांगितलं, "आधी मुलीकडे जाऊन जेवून या." आई गेली होती आणि जेवून आली होती. अशा माणसाकडून तिला मीच उठवलं. "एवढे जिने कशाला चढतेस, तिकडे खुर्च्या आहेत," हे माझे शब्द.

तीन मजले आई प्रत्येक वळणावर थांबत चढली. गुरुजी खूप थकलेत. आईने सगळं सांगितलं आणि विचारलं, "सोडलेलं परत धरता येतं का?"

गुरुजी म्हणाले, "सुमतीबाई, मी हो म्हटलं तर तुम्ही बोलाल. उद्या तिसरा कुणी नाही म्हणाला, की पुन्हा गप्प बसाल. अकरा वर्षं वाचलंत. तुम्हाला काय वाटतं?"

आई पदर सावरून उठली. उतरताना पुटपुटली, "यांना धड सांगताच येत नाही. महाराज कसे एका वाक्यात सांगतात."

खरा आणि भोंदू यांतला फरक मला त्या जिन्यात कळला. पण मला गुरुजींचाही राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. त्यांचा एक होकार पुरला असता.

रविवारी आई डोंबिवलीला आली. वैशालीच्या ओट्याशी उभी राहून तिने पुरण शिजवलं, पोळ्या लाटल्या. वैशाली दोन हातांवर होती. आई मला म्हणाली, "तिला सांग, आमटीत मीठ कमी आहे."

वैशालीही मलाच म्हणाली, "दादा, तिला सांग, घालते."

निघताना वैशाली पाया पडली. आईचा हात तिच्या डोक्यावर बराच वेळ राहिला. ओठ हलले, आवाज फुटला नाही. वैशाली तशीच वाकून राहिली, आणि मग स्वतःच उठली.

घरी येऊन जुनी पोस्ट काढून टाकायला उघडली. खाली ताजी कमेंट होती: "दादा, पुढच्या रविवारी आईला घेऊन जातोय. पार्किंग मिळतं ना?"

मी लिहिलं, "मिळतं, पण नेऊ नका. नेलंतच, तर आईला आधी बजावून ठेवा. प्रिय काय विचारलं, तर कारलं सांगायचं."