गळ्यातलं बूच

गेल्या महिन्यापासून मी नाकावर मास्क लावून झोपते. झोपेत माझा श्वास थांबतो, म्हणून उशाशी एक मशिन ठेवलंय. ते नळीतून हवा ढकलत राहतं आणि घसा मिटू देत नाही. मशिनवाला दोनदा येऊन हवेचा जोर कमीजास्त करून गेला, आणि आता मला झोप लागते. झोप उडालीय ती आमच्या ह्यांची. म्हणाले, "तुझं घोरणं बंद झालं आणि मला धडकी भरली. तू आहेस का गेलीस, कळायचं कसं?" माझ्या घोरण्यावरून आयुष्यभर टोमणे मारणारा माणूस हा. मी चांगलं सुनावणार होते, पण आई आठवली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आले आणि कोरेगावच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन लागले. घरचं खाऊन अंगानं सुटले, आणि घोरायला लागले ते असे की आळीतली कुत्री उठावीत. मधेच घोरणं तुटायचं. घर एकदम चिडीचूप व्हायचं. मग बुडालेला माणूस वर यावा तसा मोठा घोट घेऊन परत सुरू. गावात कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "गडी लय सुखाचा झोपतोय," म्हणायचे.

कसलं सुख आलंय. दिवसा दादा खुर्चीत बसले की मान पडायची. उसाच्या गाड्या गेटवर लागलेल्या, बैल घंटा वाजवतायत, आणि दादा तोंडात शिट्टी धरून झोपलेले. शेवटी मॅनेजरनं सांगितलं की परत डोळा लागला तर वर्दी जमा करा. त्या संध्याकाळी दादा जेवले नाहीत. "सतरा वर्षं पहारा दिला, कवा पापणी पडली न्हाई," म्हणाले. "आता लोक म्हंत्यात, पिऊन येतोय." दारूच्या थेंबाला शिवला नव्हता माझा बाप. मला लोकांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर दादांचाही आला. जागं राहायला काय होतंय, असं वाटायचं मला.

कुणीतरी मिरजेचा एक डॉक्टर सांगितला. आई-दादा पॅसेंजरनं गेले. मी बारा वर्षांची, डबा सांभाळायला बरोबर. डॉक्टरनं दादांना रात्रभर ठेवून घेतलं, स्वतः शेजारी बसून बघितलं आणि म्हणाले, हा माणूस आळशी नाही, ह्याचा घसा झोपेत मिटतो, रात्रभर गुदमरतोय बिचारा. आजच्यासारखं मशिन तेव्हा नव्हतं. उपाय एकच, गळ्याला खाली भोक पाडून त्यात धातूची नळी बसवायची. दिवसा नळीला बूच लावायचं म्हणजे बोलता येतं. रात्री बूच काढायचं म्हणजे वारं मिटलेल्या घशाला वळसा घालून थेट आत जातं.

दादा नळी घेऊन घरी आले. वर मफलर. तरी अख्खा गाव भोक बघून गेला. रात्री दादा बूच काढून कोनाड्यातल्या वाटीत ठेवायचे आणि झोपायचे. काही आवाज नाही. सगळं बरं व्हायला हवं होतं. पण पंधरा दिवसांत दादा गेटवर परत पेंगायला लागले. डॉक्टरनं नळी बदलून जरा रुंद घातली. तरी तेच. मग लांब घातली. तरी तेच. तिसऱ्या खेपेला डॉक्टर वैतागून म्हणाले, "उपयोग होत नसेल तर नळी काढू आणि भोक बुजवू. उगाच कशाला हाल?" दादांनी मफलरचं टोक मुठीत धरलं. नळी गेली की वर्दी गेली, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

डॉक्टरनं शेवटचं विचारलं, "रात्री बूच काढता ना, हवालदार?"

"रोज काढतो सायेब. हुकूम म्हंजे हुकूम."

आई दाराशी उभी होती. "काढत्यात," ती म्हणाली. "ते झोपलं की मीच परत लावते. आन् पहाटं ते उठायच्या आत काढून वाटीत ठेवते."

मला हे माहीत होतं. दादांचं घोरणं परत सुरू व्हायचं ते मी रोज ऐकत होते, आणि त्या आवाजाशिवाय मलाही झोप येत नव्हती म्हणून मूग गिळून बसले होते. माझी मान खाली गेली.

डॉक्टर चिडले. "बाई, मारताय त्यांना तुम्ही. का केलंत असं?"

आईनं पदर सारखा केला. "हे पलटणीत हुते तवा म्हैना म्हैना पत्र यायचं न्हाई. जित्तं हायती का न्हाई, म्हणून मी जागी ऱ्हायची. घरी आलं आन् घोराया लागलं, तवा कुठं मला झोप लागाया लागली. आता परत गप झालं. मी काय करू?"

डॉक्टरांचा राग कुठल्या कुठं गेला. त्यांनी दादांना बूच काढायला लावलं आणि आईचा तळवा धरून नळीपुढं नेला. "आवाज ऐकू नका. वारं बघा." बूच नसलं की दादांना बोलता येत नव्हतं. त्यांनी नुसता जोरानं श्वास सोडला, मग आणखी एकदा.

"लागतंय," आई म्हणाली, आणि चारचौघांत रडली.

त्यानंतर आई हात दादांच्या गळ्याशी ठेवून झोपायची. बूच वाटीतच राहिलं. दादा गेटवर ताठ बसायला लागले, आणि वर्दी उतरवली ती वय झाल्यावरच.

काल झोपताना मी ह्यांचा हात ओढला आणि मास्कच्या कडेला, हवा बाहेर पडते तिथं धरला. "हे कुठं शिकलीस?" त्यांनी विचारलं. मास्क काढून सगळं सांगितलं. शेवटचं तेवढं सांगितलं नाही. पुढं कैक वर्षांनी दादा झोपेतच गेले. आई त्या पहाटे आम्हाला उठवायच्या आधी बराच वेळ तसाच गळ्याशी हात धरून बसली होती. का नाही हाक मारलीस, असं मी विचारलं.

"पयलं थांबायचं की गं मधनं मधनं," ती म्हणाली. "म्हटलं, यील परत."