नानांच्या गाडीची टकटक

गॅरेजमध्ये कुणी काही फेकत नाही. तुटका बोल्ट, घासलेली बेअरिंग, मोडका पाना, सगळं 'असू द्या, लागेल कधीतरी' म्हणत कोपऱ्यात जातं. किश्शांचंही तसंच. आखाडा बाळापूरच्या रस्त्यावर गफ्फारभाईंचं गॅरेज आहे आणि त्याला खेटून माझं मोटार वायंडिंगचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की मी तिथंच पडीक! त्यामुळे साचलेत ढीगभर. पण गेल्या वर्षातले सगळे किस्से एकाच गाडीचे आहेत, आणि खरं सांगतो, ते सांगताना आता हसू निम्म्यातच अडकतं.

*

गाडी आमच्या सुधाकरच्या वडिलांची, म्हणजे नानांची. गोल बॉनेटची, जुन्या काळातली. नाना कळमनुरीच्या कोर्टात वकिली करायचे आणि ही गाडी स्वतः चालवत जायचे. मग गाडी शेडमध्ये गेली, आणि काही वर्षांनी नानांची आठवण जायला लागली. आधी नावं गेली, मग माणसं. आता ते सुधाकरला 'पाहुणे' म्हणतात. पोटच्या पोराला!

तरी रोज एक प्रश्न मात्र विचारायचे, "माझी गाडी कुठं हाय?"

सुधाकरनं त्यावरच सगळी आशा ठेवली. म्हणाला, "गाडी चालू करू. नाना तिच्यात बसले की मला ओळखतील. बघा तुम्ही."

डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. पण त्याच्या तोंडाकडे बघून नाही म्हणायची हिंमत आमच्यापैकी कुणाला झाली नाही.

गफ्फारभाईंनी अख्खं इंजिन खोललं, नवीन करून बांधलं. पहिल्यांदा चालू करायच्या दिवशी नारळ फुटला, पेढे आले. सुधाकरनं चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात चालू झालं, आणि लगेच टक टक टक टक टक!

सगळे गफ्फारभाईंकडे बघायला लागले.

"टॅपेट वाजून राहिले," गफ्फारभाई शांतपणे म्हणाले. "नवं इंजिन हाय. आठ दिवसात गप होते."

महिनाभरानं मी आठवण करून दिली तर म्हणाले, "म्या कोणते आठ दिवस ते कुटं सांगितलं होतं?"

*

टॅपेट म्हणजे इंजिनाच्या पोटातले लोखंडी पेले, बोटभर उंचीचे. इंजिन फिरलं की ते वरखाली होतात आणि व्हॉल्व्ह उचलतात. आता नेमका कोणता वाजतोय हे शोधायचं कसं? गफ्फारभाईंची पद्धत अशी, की लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. त्यांना आवाज पुढून आला. मी ऐकलं, मला मागून आला. सुधाकरला सगळीकडूनच आला.

तेव्हा आमचे कांबळे सर, हायस्कूलला विज्ञान शिकवतात, ते म्हणाले, "हे काय अडाण्यासारखं! थांबा." दुसऱ्या दिवशी कुणा डॉक्टर मित्राचा स्टेथोस्कोप घेऊन हजर! सर बॉनेटमध्ये वाकले, डोळे मिटले, तपासायला लागले.

तेवढ्यात जीपची वाट बघत असलेली साखरा गावची एक म्हातारी आत आली आणि सरांच्या पुढ्यातल्या टायरवर बसली. बाही वर केली.

"बाप्पा, माझंबी बघा. लई धडधड करून राहिलंय."

सर नाही म्हणाले, ती उठेना. शेवटी तिच्या समाधानासाठी सरांनी ऐकल्यासारखं केलं. मग स्टेथोस्कोप गळ्यातून काढून म्हणाले, "मावशी, दवाखान्यात जाऊन या. पण तुमचं इंजिन ह्या गाडीपेक्षा बराबर हाय!"

त्याच दिवशी सरांनी सुधाकरला विचारलं, "पूर्वी आवाज कसा होता रे हिचा?"

"थोडी वाजायचीच," सुधाकर म्हणाला. "शाळा सुटली की नाना घ्यायला यायचे. वळणावर असतानाच मला ऐकू यायची."

आम्ही त्याकडे लक्ष दिलं नाही. आमचं लक्ष टॅपेटकडे!

*

मग ऑइल जाड घालून बघितलं. इंजिन थंड असेपर्यंत आवाज दबला, तापल्यावर पुन्हा होता तिथं. टॅपेट ढिला राहिला की वाजतो, म्हणून मधल्या फटीचं माप घेऊन सगळे टॅपेट पुन्हा सेट केले. एक गप बसला की शेजारचा बोलायला लागायचा.

शेवटी सुधाकरनं आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून आपल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्याचे एक मावसभाऊ नांदेडला गाड्यांचं काम करतात, ते काही सांगतील म्हणून. खाली लिहिलं काहीच नाही, नुसता आवाज.

मावसभावाचं उत्तर आलंच नाही. हिंगोलीच्या आत्याचं आलं.

'अरे वा! सूनबाईंनी शिवणकाम सुरू केलं वाटतं. माझे दोन ब्लाउज पाठवते.'

आम्ही पोट धरून हसलो. सुधाकर हसला नाही. मोबाइल खिशात घालून म्हणाला, "आज नानांनी मला चहा विचारला. 'पाहुणे, लांबून आले असाल' म्हणाले."

गफ्फारभाईंनी पुढ्यातला पाना उगाचच फडक्यानं पुसला, ठेवला, परत उचलून पुसला.

*

एकदा गफ्फारभाई हट्टा गावाच्या बाजूला गाडी फिरवून आणायला निघाले. आम्ही तिघं मागं. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, मालट्रक, टेम्पो, सगळ्यांचा एकच गोंगाट. गफ्फारभाईंनी काच खाली केली, कान बाहेर काढला आणि ओरडले, "गेला! बगा, आवाज गेला!"

कांबळे सर म्हणाले, "गफ्फारभाई, शेजारी ट्रक आहे."

"ट्रकचा काय संबंध? आपल्या गाडीचं बोला!"

ट्रक पुढं गेला. टक टक टक टक.

परतीच्या वाटेवर सुधाकर खिडकीबाहेर बघत होता. गावाजवळ आल्यावर म्हणाला, "आता नाना गाडीचंही विचारत नाहीत."

इंजिन पुन्हा खोलता आलं असतं, पुन्हा बांधता आलं असतं, पण एक गोष्ट आमच्या हातात नव्हती. घरात नाना रोज थोडे थोडे कमी होत चालले होते, आणि आम्ही इकडे टकटक मोजत बसलो होतो. मला त्या दिवसांत दुकानात जाऊ नये असं वाटायचं. शेजारी ती गाडी दिसायची ना!

*

शेवटी गफ्फारभाईंनी चिडून इंजिन परत खोललं. एकेक टॅपेट काढून उजेडात धरायला लागले. एका टॅपेटच्या आत, तळाशी, लाल डाग.

"गंज?" मी म्हणालो.

गफ्फारभाईंनी बोट घातलं, अंगठ्यावर चोळलं, वास घेतला. मग सावकाश सुधाकरकडे वळले.

"हे कुंकू कसं काय आलं?"

सुधाकरच्या घरी देवीच्या देवळाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या. हात जोडल्याशिवाय त्याचं कुठलंच काम सुरू होत नाही. इंजिन पहिल्यांदा खोललेलं होतं तेव्हा नेमकी खंडेनवमी आली. गॅरेजमध्ये हत्यारांची पूजा. गफ्फारभाईंनी सगळे टॅपेट ओळीनं कागदावर मांडले होते आणि ते जेवायला गेले होते. सुधाकरनं काय करावं? नानांच्या गाडीचं काळीज म्हणून सगळे उचलले, रॉकेलनं धुतले, तबकात गोल मांडले, मधे झेंडूचं फूल, प्रत्येकाला हळदकुंकू! पूजा झाल्यावर पुसून परत कागदावर ओळीत ठेवले. ओळ अगदी सरळ होती. फक्त कोण कुठला, ते गेलं!

हे टॅपेट वर्षानुवर्षं आपापल्या जागी घासून बसलेले असतात. एकाच्या जागी दुसरा टाकला की जन्मभर भांडण.

"पूजा केली ते बराबर केलं," गफ्फारभाई कपाळावर हात मारून म्हणाले. "निदान नंबर तरी टाकायचे!"

"देवापुढं नंबर कसले टाकायचे?" सुधाकर म्हणाला, आणि तिथंच टायरवर बसून रडायला लागला.

*

टॅपेट नवीन आणवले. ज्या दांड्यावर ते चालतात तो नांदेडहून घासून आणला. गफ्फारभाईंनी इंजिन असं बांधलं की विचारू नका. चालू करून वर पाण्यानं भरलेला पेला ठेवला, पाणी हलेना! एरवी प्रत्येक गोष्टीत खोट काढणारे कांबळे सर कान लावून उठले आणि त्यांनी गफ्फारभाईंचा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे गाडीसोबत सुधाकरच्या दारात. नानांना धुतलेलं धोतर नेसवलेलं, डोक्यावर टोपी. दोघांनी धरून पुढच्या सीटवर बसवलं. त्यांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला. सुधाकर स्टिअरिंगवर बसला. त्यानं चावी फिरवली, इंजिन चालू झालं, आणि तो नानांकडे बघत राहिला.

नाना समोर बघत होते.

शेवटी गफ्फारभाई खिडकीशी वाकून हळूच म्हणाले, "नाना, वळखली का गाडी?"

नाना सुधाकरकडे वळले.

"पाहुणे, चालू करा की गाडी," ते म्हणाले. "काहून बसून राहिले? शाळा सुटली असंल. आमचं लेकरू तिथं दारात उभं राहून वाट बघून राहिलंय."

इंजिन चालूच होतं.

सुधाकर खाली उतरला. त्यानं स्वतः बॉनेट उघडलं.

"गफ्फारभाई," तो म्हणाला, "टॅपेट ढिले करा."